पिवळ्या माद्यांचं नाव

यंदा तळं पुन्हा आटलं.

जून संपता संपता पाणी आधी काठापासून हातभर मागे सरलं, मग लव्हाळ्यांची मुळं उघडी पडली, आणि परवा मी गेले तेव्हा मधोमध परातीएवढा काळा ओलसर डाग तेवढा शिल्लक होता. बाकी सगळी भेगाळलेली माती. तळं म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. आमच्या मिल्टन कीन्समध्ये गाड्यांचे रस्ते वेगळे आणि चालणाऱ्यांच्या, सायकलवाल्यांच्या लाल वाटा वेगळ्या. त्यांना रेडवे म्हणतात. अशाच एका रेडवेच्या कडेला, घरांच्या मागच्या कुंपणापाशी हे पसरट, उथळ डबकं आहे. आम्हीच त्याला तळं म्हणून मान देतो.

काठावर एक बाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. "मेलं हो हे," असं त्या मला म्हणाल्या. म्हणाल्या अर्थात इंग्रजीत, पण सूर शेजारच्या घरी दुखवट्याला गेल्यासारखा. कौन्सिलने डिगर आणून ते चांगलं खोल करावं, म्हणजे बारमाही पाणी राहील, चार मासे सोडावेत, मुलांना तेवढीच गंमत, असंही त्यांनी सुचवलं. मी नुसती मान हलवली. उन्हात उभं राहून अनोळखी माणसाला पाणभुंगेऱ्यांवर व्याख्यान देण्याचं वय खरं तर आता आलंय माझं, पण परवा जीभ उचलली नाही.

हे तळं अधूनमधून आटतं म्हणूनच ते जिवंत आहे. आटणाऱ्या पाण्यात मासा टिकत नाही, आणि मासा नसला की भुंगेऱ्यांच्या अळ्या वाचतात. पाणी गेलं की काही भुंगेरे चिखलात खोल शिरून बसतात. काही संध्याकाळचे पंख उघडून दुसरं पाणी शोधायला निघतात. पाऊस पडला की कुठून कुठून परत येतात. बारमाही पाण्याच्या हौसेपायी चांगल्या मनाच्या माणसांनी अशी डबकी खोल केली, की पाणी राहतं आणि आतले राहणारे जातात. मला हे रॉजरने शिकवलं. पण कोरडं तळं बघितलं की मला दरवेळी आठवतो तो त्याचा धडा नाही. मला तो एक उन्हाळा आठवतो.

दोन हजारच्या दशकाचा मध्य असेल. होजपाइप बॅन लागला होता, म्हणजे बागेत नळी लावून पाणी घालायला बंदी. एरवी हिरवीगार म्हणून मिरवणारी लॉन्स चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली होती. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, त्यामुळे ती जुलैतही इमानेइतबारे ऊब धरून ठेवत होती. टीव्हीवर हवामानवाली बाई रोज हसत हसत उद्याही ऊन आहे म्हणून सांगायची. मला तिचा राग यायचा. तसा त्या उन्हाळ्यात मला सगळ्यांचाच राग यायचा.

आम्ही इथे आलो ते श्रीरंगच्या आयटीतल्या नोकरीमुळे. तो पुण्याचा, मी नागपूरची. माझी एम.एस्सी. झूलॉजीची डिग्री बॅगेत, आणि बॅग लॉफ्टमध्ये, अशी आमची व्यवस्था लागली होती. एक दिवस लायब्ररीच्या बोर्डावर चिठ्ठी दिसली: तळ्यांची पाहणी करायला स्वयंसेवक हवेत, गमबूट स्वतःचे आणावेत. मी गमबूट विकत घेतले आणि गेले. तिथे एक उंच, वाकलेला, कमरेएवढ्या पाण्यातही टाय लावून उभा असलेला म्हातारा भेटला. तो रॉजर. शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेला, बायको गेलेली, भुंगेऱ्यांवर जीव. आणखी कुणीच आलं नव्हतं. त्याने माझ्या हातात जाळं दिलं आणि विचारलं, "पोहता येतं?" मी नाही म्हटलं. "मग फार पुढे जाऊ नकोस," म्हणाला. झाली आमची ओळख.

पाणभुंगेऱ्यांचं आडनाव त्यांच्या पोहण्यावरून कळतं. रॉजर पांढऱ्या ट्रेमध्ये जाळं उलटं करायचा आणि गाळ खाली बसायची वाट बघायचा. मग एकेक हलायला लागायचा. दोन्ही मागचे पाय एकदम मारत, वल्ही मारल्यासारखा सरळ जाणारा असेल, तर तो शिकारी घराण्यातला. तो श्वास घ्यायला वर येतो तेव्हा आधी शेपटाकडची बाजू वर काढतो आणि पाठीच्या कवचाखाली हवा भरून घेऊन खाली जातो. पाय आळीपाळीने मारत धडपडत जाणारा असेल, तर तो सडका पाला खाणाऱ्यांपैकी. तो वर येताना डोकं आधी काढतो, आणि त्याच्या पोटावर हवेचा पातळ रुपेरी थर चिकटलेला असतो. पाण्याच्या पृष्ठावर गरगर फिरणाऱ्यांचे डोळेच मुळी दोन भागांत वाटलेले, अर्धे वर बघायला, अर्धे पाण्याखाली बघायला. "सासुरवाशिणीला उपयोगी," मी एकदा म्हटलं आणि मग रॉजरला सासुरवाशीण म्हणजे काय ते समजावण्यात माझी दुपार गेली.

एक होता तो हातात धरला की चक्क ओरडायचा. गोटीएवढा, फुगीर, तांबूस. रॉजरने तो पहिल्यांदा सापडला तेव्हा चिमटीत धरून माझ्या कानाशी आणला. चिर्र, चिर्र. पाठीच्या कवचावर पोटाचं टोक घासून तो हा आवाज करतो. मी दचकून मागे सरले आणि गाळात बसले. बुटात पाणी शिरलं, आणि मला या देशात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसू आलं. त्या दिवशी घरी गेल्यावर श्रीरंग म्हणाला, "तुला काय झालंय? इतकी खूश का आहेस? आणि हा वास कसला येतोय?"

मोठ्या भुंगेऱ्यांचं नाव जिवंतपणी सांगता येतं. लहानांचं नाही. तांदळाच्या दाण्याएवढे, तिळाएवढे तपकिरी, पिवळे जीव ट्रेमध्ये शेकड्याने असतात आणि सगळे एकसारखे दिसतात. ते बाटलीत टाकून, औषधाची वाफ देऊन मारावे लागतात, आणि मग मायक्रोस्कोपखाली नराचा तेवढा भाग सुईने बाहेर काढून त्याचा आकार बघावा लागतो. तेव्हा कुठे नाव लागतं. रॉजरचे हात थरथरायला लागले होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी ते चांगलं करत असे. आमच्या किचन टेबलवर एका बाजूला पोळपाट आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोस्कोप असायचा. आईला फोनवर मी ते कधी सांगितलं नाही. नागपूरला आमच्या घरी झुरळही खराट्याने बाहेर लोटायचे.

मग मला दिवस गेले, आणि मी मारणं थांबवलं. कुणी सांगितलं नव्हतं. एम.एस्सी. आपल्या जागी आणि डोहाळे आपल्या जागी. गरोदरपणी जीव मारू नये हे मी कधी कुणाकडून ऐकलं तेही आठवत नाही, पण बाटलीचं झाकण उघडायला हात होईना. रॉजरला कसं सांगावं याची मला चिंता. मी आडवळणाने सुरुवात केली तर तो मध्येच म्हणाला, "ठीक आहे, या वर्षी आपण फक्त मोठ्यांची नावं लिहू." आणि खरोखर आम्ही ते वर्ष फक्त ओळख पटवून पाण्यात सोडून देत घालवलं. पोट पुढे आलं तशी मी काठावर खुर्ची टाकून बसायला लागले, आणि तो पाण्यातून एकेक ट्रे माझ्यापर्यंत आणून द्यायचा. सोडताना मी त्यांना मनातल्या मनात "जा बाबांनो" म्हणायचे. इतकी काळजी घेतली मी.

तरी एप्रिलमध्ये, आठव्या महिन्यात, ती पोटातच गेली.

मुलगी होती. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. ते तसं म्हणाले, आणि पुन्हा पुन्हा म्हणाले, की तुम्ही काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे हे झालेलं नाही. तिच्या हातात प्लास्टिकची पट्टी होती, मनगट इतकं बारीक की पट्टी सारखी निसटायची. त्यावर "बेबी" आणि पुढे आमचं आडनाव. बास.

पुढे रजिस्ट्रारकडे जावं लागलं. तिथली बाई फार हळुवार होती. तिने सांगितलं, तुम्हाला हवं असेल तर बाळाचं नाव देता येईल. मी श्रीरंगकडे बघितलं. तो म्हणाला, "नो, थँक यू." दुसऱ्यांदा चहा नको म्हणावं तसं. मी काहीच बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर शब्द आला नसता, दुसरंच काहीतरी आलं असतं. आदल्या रात्री पुण्याहून सासूबाईंचा फोन होता. त्या रडत रडत म्हणाल्या होत्या, "नाव ठेवू नका रे बाळांनो. बारशाआधी गेलेल्याचं नाव ठेवत नाहीत. नाव ठेवलं की जीव घुटमळतो." त्यांनी वाईट म्हणून म्हटलं नाही. त्यांना वाटत होतं त्यात आमचं भलं आहे, आणि तिचंही.

पण नाव नाही म्हटल्यावर तिच्याबद्दल बोलायचं कसं? बाळ म्हणावं तर ते कुठलंही बाळ. आपली मुलगी म्हणावं तर जीभ टाळ्याला चिकटायची. हळूहळू आम्ही घरात त्या सगळ्याला "एप्रिल" म्हणायला लागलो. "हे बिल एप्रिलच्या आधीचं आहे." "एप्रिलनंतर आपण तिकडे गेलोच नाही." मी माझ्या मुलीची आई होते आणि मला तिला महिन्याच्या नावाने ओळखावं लागत होतं. याचं मला इतकं वाईट वाटायचं की कधी कधी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून नुसती उभी राहायचे. मग पाणीटंचाई आठवून नळ बंद करायचे.

समजूत घालणारे आले, कार्डं आली. इथल्या मराठी मंडळातल्या एकीने लाडू आणले आणि म्हणाली, "तरुण आहेस अजून, लगेच पुढचा चान्स घ्या." दुसरीने योगाचे क्लास सुचवले. तिसरीने सांगितलं की स्वतःला बिझी ठेव, घरात बसू नकोस, पार्टटाइम जॉब बघ. सगळ्यांना मला खोल करायचं होतं आणि चार मासे सोडायचे होते. श्रीरंगची मोठी बहीण, उज्ज्वलाताई, बर्मिंगहॅमला एका बँकेत आहेत. त्या हॉस्पिटलमध्ये पहिल्या ट्रेनने आल्या होत्या. नंतर तीन दिवस घरी राहिल्या, वरणभात केला, कपड्यांच्या घड्या घातल्या आणि एक अक्षर न बोलता परत गेल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत याचाही मला रागच आला होता. बोललं तरी राग, नाही बोललं तरी राग. म्हणतात ना, दुखऱ्या बोटालाच नेमकी ठेच लागते.

जूनच्या अखेरीस रॉजर आला. त्याच्या हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा, आणि त्यात ओळीने काचेच्या नळ्या. आत स्पिरिटमध्ये बारीक बारीक भुंगेरे. दारातच उभा राहिला. "आय ॲम सो सॉरी," म्हणाला, आणि बराच वेळ पायपुसण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तळं आटतंय. होते तेवढे आटायच्या आत गोळा केलेत. मला हे दिसत नाहीत आता, लहान फार आहेत. तू बघशील?"

ते आधीच मेलेले होते. मला फक्त नावं द्यायची होती. मी डबा घेतला.

जुलैभर मी किचन टेबलशी बसून होते. खिडकी उघडी, तरी वाऱ्याचा पत्ता नाही. रेडवेपलीकडच्या रस्त्यावरून राउंडअबाउटला गाड्या मंदावल्याचा, मग पुन्हा वेग घेतल्याचा आवाज. भिंगाखाली तिळाएवढा जीव हाताएवढा होतो, आणि मग बाकी काही दिसत नाही. मला तेच हवं होतं. कुणाच्या पाठीवर केसाएवढ्या बारीक रेघा, कुणाच्या कडेला झालर, कुणाचे पाय पिवळे आणि गुडघे तेवढे काळे. ही सगळी काळजी कुणी कुणासाठी घेतली असेल, असं मनात यायचं. तिचीही नखं अगदी पूर्ण झालेली होती. एवढीशी, स्वच्छ, वाढलेली नखं.

श्रीरंग ऑफिसातून आला की अंगणात बादलीने गाडी धुवायचा. नळी लावायची नाही, पण बादलीला मनाई नव्हती. गाडी काळी होती आणि तो ती अशी घासायचा की त्यात आकाश दिसावं. दुःखात माणसं दारू पितात, देवाला जातात. माझ्या नवऱ्याने गाडी धुतली. उन्हं उतरताना तळ्यातून उडालेले भुंगेरे त्या टपावर येऊन आदळायचे. चकाकणारं ते सगळं पाणीच, असं त्यांचं गणित. पाण्यावरून परतणारा उजेड आणि काळ्या पत्र्यावरून परतणारा उजेड त्यांना सारखाच दिसतो. टपावर पडायचे आणि बुडी मारायला बघायचे. डोकं खाली घालून, पाय मारून, पुन्हा पुन्हा. पत्रा तापलेला असायचा.

पहिल्यांदा हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो वाटीत एक भुंगेरा घेऊन आत आला. वाटीत थोडं पाणी घातलं होतं त्याने. "तुझं कुणीतरी आलंय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवसापासून त्याने गाडी धुतली की वर एक जुनी चादर टाकायला सुरुवात केली. शेजारच्यांना वाटलं ऊन लागू नये म्हणून. आम्ही काही सांगितलं नाही. मी खिडकीतून त्याला चादरीची टोकं गाडीच्या दारात अडकवताना बघायचे आणि मला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून यायची, की वाटायचं आता जाऊन बोलावं. पण तो आत येईपर्यंत मी पुन्हा भिंगाला डोळा लावलेला असे.

त्या डब्यात पिवळ्या भुंगेऱ्यांच्या तीन नळ्या होत्या. हे फार गोड जीव आहेत. ज्वारीच्या दाण्याहून लहान, पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या सरळ ओळी, शेवाळ खाऊन राहणारे. पोहता धड येत नाही, पाण्यातल्या वनस्पतींवर चढत-उतरत असतात, आणि मागच्या पायांच्या मुळाशी दोन रुंद पाती असतात त्यांखाली हवेचा बुडबुडा जपून ठेवतात. यांच्यातल्या एका गटातल्या चार-सहा जाती दिसायला इतक्या सारख्या, की नराचा तो भाग काढून बघितल्याशिवाय नाव लागत नाही. मी सुई घेऊन बसले. पहिली नळी संपली, दुसरी संपली. नरांची नावं लागली. माद्या एका बशीत बाजूला ठेवत गेले. बशी भरली, आणि मग माझ्या लक्षात आलं की यांचं पुढे काय करायचं ते मला माहीतच नाही.

रॉजरला फोन केला. "माद्यांचं कसं ओळखायचं?"

"नाही ओळखता येत," तो म्हणाला. "त्या गटातल्या माद्यांना खात्रीने नाव देता येत नाही. तू फक्त गटाचं नाव लिही."

"म्हणजे आडनाव."

"हो, आडनाव म्हण."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

मला काय झालं कळलं नाही. मी त्याच्यावर ओरडले. हे कसलं शास्त्र, मी म्हटलं, अर्ध्या प्राणिमात्रांना तुमच्याकडे नावच नाही, मुली आहेत म्हणून? तुम्ही त्यांना मारता, इथे आणून माझ्यासमोर ठेवता, आणि म्हणता लिही नुसतं आडनाव? मी आणखीही बरंच बोलले. बिचारा फोनच्या दुसऱ्या टोकाला ऐकत राहिला. शाळेत तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला कळत असणार की पोर ओरडतंय ते केमिस्ट्रीबद्दल नाही. माझा श्वास संपल्यावर तो म्हणाला, "नाव आहे गं त्यांना. प्रत्येकीला आहे. आपल्याला कळत नाही एवढंच."

रॉजर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या नळ्या, सुया, जाळं सगळं माझ्याकडे आहे. पिवळ्या माद्या आजही माझ्या हाताखालून जातात, आणि आजही मी त्यांच्यापुढे गटाचं नाव लिहिते. दरवेळी जरा थांबते, मग लिहिते.

त्या दिवशी श्रीरंग घरी आला तेव्हा मी त्याला गाडीपाशी जाऊच दिलं नाही. "आपण तिचं नाव ठेवू या," मी म्हटलं. "रजिस्ट्रारकडे नको, कुठे नको. आपल्यापुरतं."

त्याने हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "आता कशाला?"

"मला हवंय म्हणून."

"मला नकोय," तो म्हणाला. "नाव ठेवलं ना, की मी हाक मारेन. मला माहितीये. ड्राइव्ह करताना मारेन. ऑफिसमध्ये मारेन. आत्ता मला काय म्हणायचं ते माहीत नाही म्हणून मी गप्प बसू शकतो. प्लीज. ते एक राहू दे तसं."

आणि बादली घेऊन बाहेर गेला. आईच्या सांगण्यावरून नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. पण याच्याशी कशी भांडणार? दोघांचंही खरं होतं. मला तिचं नाव हवं होतं आणि त्याला ते नको होतं, आणि आम्हाला दोघांनाही ती हवी होती. मुलांचं नाव एकट्याने थोडंच ठेवतात? मी विषय सोडून दिला, आणि मला वाटलं आता ही अशीच राहणार, आडनावाची.

ऑगस्टात राखी आली. राखीपौर्णिमा पंचांगात कुठल्याही वारी असो, या देशात ती रविवारीच असते. उज्ज्वलाताई बर्मिंगहॅमहून ट्रेनने आल्या. भावाला ओवाळलं, राखी बांधली, नारळीभाताचा डबा आणला होता तो वाढला. जेवण झाल्यावर श्रीरंग मागच्या बागेत खुर्च्या लावायला गेला. ताई किचनमध्ये आल्या. टेबलवर पिवळ्या माद्यांची बशी तशीच होती. टाकून द्यायला माझा हात झाला नव्हता.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना भिंगातून बघायला लावलं. त्यांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "अय्या, किती सुंदर आहे! हिचं नाव काय?"

"माद्यांचं नाव लागत नाही, ताई," मी म्हटलं. आणि मला इतके दिवस कुणासमोर आलं नव्हतं ते रडू आलं. डोळे पुसून मी कसंबसं सांगितलं, नरांचं लागतं, माद्यांचं फक्त आडनाव लिहितात, असाच नियम आहे.

ताई भिंगापासून सरळ झाल्या. खिडकीबाहेर श्रीरंग खुर्च्या उघडत होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. "तुला एक सांगायचंय," म्हणाल्या. "एप्रिलपासून सांगायचं म्हणतेय. धीर झाला नाही. तू म्हणशील, हिला कुणी अधिकार दिला."

"काय झालं?"

"हॉस्पिटलमध्ये तुला झोप लागली होती ना, तेव्हा त्या मिडवाइफने मला विचारलं, वुड यू लाइक टु होल्ड हर? मी घेतलं तिला. खिडकीपाशी घेऊन बसले. रंगा बाहेर कॉरिडॉरमध्ये होता. मला वाटलं, अगं, हिला आता नेतील. मग परत काही चान्स नाही. आणि आत्या आहे मी तिची. ते माझं काम आहे." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "मी तिच्या कानात कुर्र केलं. नाव सांगितलं."

टेबलाची कड मी धरून ठेवली होती.

"काही ठरवलं नव्हतं गं. कुणाला विचारलं नव्हतं. तोंडात आलं ते सांगितलं. रेवा. चुकलं असेल तर सॉरी. आईला कळलं तर ती मला फाडून खाईल. पण तशीच कशी जाऊ देणार? एवढं जावळ होतं तिला."

ती पोटात होती तेव्हापासून मी मनात मुक्ता हे नाव धरून बसले होते. पण आत्याने कानात सांगितलं ते खरं. ते बदलत नाही. म्हणजे मी फोनवर रॉजरवर ओरडत होते तेव्हा, श्रीरंग बादली घेऊन निघून गेला तेव्हा, रजिस्ट्रारच्या त्या टेबलापुढे तो नको म्हणाला तेव्हासुद्धा, तिचं नाव होतं. रेवा. ते ऐकूनच ती गेली होती.

"फक्त एक राहिलं," ताई म्हणाल्या. त्या हसायचा प्रयत्न करत होत्या आणि ते काही जमत नव्हतं. "आत्याने नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. तिथे कुणी नव्हतंच घालायला. पाठ तशीच राहिली माझी."

मी उठले. टेबलाला वळसा घालून त्यांच्या मागे गेले आणि मूठ वळून त्यांच्या पाठीत एक बुक्का घातला. मग दुसरा. मग मला थांबता येईना. बुक्के काही जोरात नव्हते, पण मी घालत होते आणि त्या पाठ वाकवून, टेबलावर दोन्ही हात टेकून, सगळे घेत होत्या, आणि आम्ही दोघी रडत होतो.

खुर्च्यांचा आवाज थांबला. श्रीरंग मागच्या दारात आला. मनगटावर राखी, हातात गवताची काडी. माझी मूठ आणि त्याच्या बहिणीची पाठ त्याने बघितली. बारसं बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तो तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मला वाटलं तो आता पाठ फिरवणार, गाडीकडे जाणार.

"काय ठेवलं?" त्याने विचारलं.